तळ कोठे ठोकावा?



पावसाळा सरून आकाश निवळले, की आमच्या वाकडच्या इमारतींतील तरुण मंडळींस आणि लहान मुलांच्या आईबापांस एक रात्र घराबाहेर, उघड्या आकाशाखाली काढण्याचे वेध लागतात. शनिवारी दुपारी मोटारींच्या टपांवर तंबूंच्या वळकट्या चढतात, आणि मंडळी कोणी पवनेच्या, कोणी मुळशीच्या, तर कोणी दूर भंडारदऱ्याच्या वाटेस लागतात. हा छंद स्तुत्यच आहे. आठवडाभर चार भिंतींत बसून काम करणाऱ्या मनुष्याने एक रात्र तारे पाहावेत, यापरते चांगले औषध नाही. बालवीरांची शिबिरे व शाळेच्या सहली मी अनेक वर्षे नेल्या, म्हणून यांपैकी कित्येक जण मला वाटेत थांबवून विचारतात, "गुरुजी, मुक्कामाला सरकारी जागा बरी, की खाजगी?" या प्रश्नाचा आज आपण सावकाश विचार करू.

प्रश्न रास्त आहे. परंतु तो पहिला नव्हे. पहिल्याने पाहावयाचे ते पाणी. मग जमीन. नंतर ती जमीन कोणाची व तेथे राहण्याची मुभा कोणी दिली. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, रात्री काही अडचण आली तर जागा असलेला, त्या स्थळाचा माहीतगार आणि प्रसंगी आपणांस "नाही" असे स्पष्ट सांगणारा मनुष्य तेथे आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, म्हणजे जागा सरकारी आहे की खाजगी, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

तंबूत राहणे हे आपणांकडे नवे आले आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. सर बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरविले आणि त्यातून बालवीरांची चळवळ जगभर पसरली, हे खरे. परंतु तळ, मुक्काम, डेरा, राहुटी, पाल, छावणी हे शब्द आपल्या भाषेत त्याच्या कितीतरी पूर्वीचे आहेत. ज्या लोकांच्या भाषेत एका गोष्टीला इतके शब्द असतात, त्या लोकांस त्या गोष्टीचा अनुभवही तितकाच असतो. त्या अनुभवाची तीन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण राज्यकारभारातील. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून जे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, ते इ. स. १७१५ च्या सुमाराचे मानतात. त्यात किल्ल्याची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, पाण्याची खात्री झाल्यावर मग बांधकाम करावे, असा स्पष्ट उपदेश आहे. एवढा दुर्गम डोंगर, एवढा कडा. पण पाणी नसेल तर सारे व्यर्थ! जो नियम किल्ल्याला, तोच आपल्या एका रात्रीच्या तंबूलाही लागू आहे.

दुसरे उदाहरण आपल्या दारावरून जाते. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीस विठ्ठल मंदिरी मुक्काम करते, हे आपण जाणतोच. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचे तळही परंपरेने ठरलेले असून, त्या तळांवर दिंड्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. सायंकाळच्या समाज आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतो, आणि लक्षावधी लोकांचा कल्लोळ क्षणात शांत होतो. हरवले-सापडले त्याची हाक तेथे दिली जाते; एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवीत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. एवढा मोठा समुदाय रोज नव्या गावी झोपतो तो या शिस्तीच्या बळावर. तळावर चोपदार असतो, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

तिसरे उदाहरण धनगरांचे. नगर, पारनेर या बाजूंची कित्येक कुटुंबे आपली मेंढरे घेऊन दिवाळीनंतर चाकण, मावळच्या रस्त्याने कोकणाकडे उतरतात व पावसाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या फिरत्या बिऱ्हाडास वाडा म्हणतात. हा वाडा कोणाच्याही शेतात वाटेल तसा शिरत नाही. शेतकऱ्यास लेंडीखत हवे असते, धनगरास रात्रीपुरती जागा हवी असते. म्हणून आधी बोलणे होते, किती रात्री मेंढ्या बसवावयाच्या ते ठरते आणि त्याबद्दल धान्य अथवा पैसे मिळतात. पाहुणा जागेवर राहून गेला, की जागा पूर्वीपेक्षा सुपीक व्हावी, असा हा व्यवहार आहे. आपल्या एका रात्रीच्या मुक्कामानंतर जमिनीची काय अवस्था होते, ते या कसोटीवर लावून पाहावे.

आता जमिनीचा विचार करू. पुष्कळ लोक पाण्याच्या अगदी काठाशी तंबू ठोकतात, कारण सकाळी उठताच पाणी दिसावे ही हौस. ही हौस घातक आहे. ओढ्याच्या अथवा नदीच्या काठी गेल्यास आधी झुडुपांकडे पाहावे. फांद्यांत काटक्या, पाचोळा, चिंध्या अडकलेल्या दिसल्या, तर पाणी तेथवर चढून गेले आहे असे समजावे आणि त्या खुणेच्या पुष्कळ वर बिऱ्हाड न्यावे. आपल्या डोक्यावर चांदणे असले म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. पुण्यास वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; तेथून काही मैलांवर लोणावळ्याच्या माथ्यावर सुमारे चार हजार मिलिमीटर पडतो. वरच्या पाण्याने खालचा कोरडा ओढा पाहता पाहता फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे सहलीस आलेली होती. त्यांत लहान मुले होती.

डोंगराच्या अगदी पायथ्याशी, उताराच्या तोंडी राहणेही तितकेच वाईट. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग गुदरला. ही तर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या लोकांची गावे होती. मग आपण परक्या माणसांनी भर पावसाळ्यात अशा उताराखाली हौसेने झोपावयास जाणे शहाणपणाचे कसे म्हणावे? माझे मत असे, की जून ते सप्टेंबर या महिन्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर दिवसाची सहल करावी, रात्र पक्क्या घरात काढावी.

मग जागा असावी तरी कशी? खोलगट भाग टाळावा. थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खळग्यात साठते. त्यामुळे हिवाळ्यात खळग्यातला तंबू दवाने ओलाचिंब होतो, आणि त्याहून थोड्या उंचीवरचा बराच कोरडा राहतो. अगदी माथ्यावर वारा झोंबतो. म्हणून उतारावरची मधली सपाट पडवी उत्तम. एकट्या उंच झाडाखाली तंबू नसावा. वाळक्या फांदीची भीती आहेच, शिवाय वळवाच्या दिवसांत विजेची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईतो सेकंद मोजावेत व त्यांस तीनने भागावे. वीज तितक्या किलोमीटरांवर आहे असे समजावे. अंतर कमी होत चालले, की तंबू सोडून पक्क्या घरात अथवा बंद मोटारीत बसावे.

इतके झाल्यावर सरकारी आणि खाजगी जागांकडे वळू. सरकारी जागा सर्वांच्या, म्हणून कोठेही राहण्यास मोकळीक, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. लोहगडाचेच उदाहरण घ्या. तो केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला किल्ला असून, जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. अशा संरक्षित स्थळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच प्रवेश असतो. तेथे रात्रीचा तंबू हा नियमभंग होय. भीमाशंकर अथवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा चालतो. तेथे प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि अरण्यास धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविणे हा गुन्हा आहे. वाळलेल्या गवताच्या दिवसांत एका शेकोटीने अख्खा डोंगर काळा पडतो. पाखरांची घरटी, गुरांचा चारा आणि पुढल्या पावसात माती धरून ठेवणारी मुळे, सारे एका रात्रीत जाते.

सरकारी जागांपैकी ज्या मुक्कामासाठीच केलेल्या आहेत, त्यांचा मात्र जरूर लाभ घ्यावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. कार्ले, पानशेत, भंडारदरा येथे त्याची निवासस्थाने आहेत. वनखात्याचीही ठिकठिकाणी विश्रामगृहे आहेत. अशा ठिकाणी दर ठरलेला असतो, पावती मिळते, शौचकूप असते, पहारेकरी असतो. म्हातारी माणसे व तान्ही मुले बरोबर असली, तर मी हीच जागा निवडण्यास सांगेन. उणीव एवढीच, की सुटीच्या दिवसांत जागा मिळणे दुरापास्त होते.

खाजगी जागांचा बाजार आमच्या लोकांस सर्वांत जवळचा, आणि तो मुख्यतः पवनेच्या जलाशयाभोवती भरतो. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या चार किल्ल्यांच्या कुशीत पसरलेले ते पाणी पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. काठावर शेकडो तंबू उभे राहतात. रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, शेकोटी, सर्व तयार. यांत उत्तम जागा आहेत आणि अगदी टाकाऊही आहेत. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात.

पहिली गोष्ट, सातबारा कोणाच्या नावचा? जमीन स्वतःची, भाड्याची, की धरणासाठी संपादन केलेली? उन्हाळ्यात पाणी ओसरले, की जी गाळपेर जमीन उघडी पडते ती जलाशयाचीच असते. तेथे ज्याने तंबू मांडला तो तिचा मालक होत नाही, आणि खात्याचे लोक केव्हाही तो उठवू शकतात. दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीची अथवा पर्यटन संचालनालयाची नोंद आहे काय? कृषिपर्यटन केंद्रांच्या नोंदणीची सोय सरकारने २०२० च्या धोरणाने केलेली आहे. तिसरी गोष्ट, शौचकूप किती तंबूंमागे एक, आणि त्याचे मैलापाणी जाते कोठे? चौथी गोष्ट, रात्रभर तेथे राहणारा माणूस कोण, आणि त्याच्याजवळ वाहन आहे काय? पाचवी गोष्ट, पाण्यात उतरू देता काय?

या शेवटल्या प्रश्नाची मी विशेष शिफारस करतो. "उतरा की, काही होत नाही," असे उत्तर आले, तर ती जागा सोडावी. "सूर्य मावळल्यावर कोणालाही पाण्याजवळ जाऊ देत नाही, दिवसाही जीवरक्षक पट्ट्यावाचून नाही," असे उत्तर आले, तर तेथे खुशाल मुलांना न्यावे. असे सांगणारा मनुष्य गिऱ्हाईक गमावण्याची जोखीम पत्करून आपला जीव जपतो. धरणाचा तळ हा तलावाच्या तळासारखा सारखा उतरता नसतो. त्याखाली बांध आहेत, विहिरी आहेत, ओढ्यांची जुनी पात्रे आहेत. वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ पावसाळ्यानंतर संपूर्ण पाण्यात जाते व उन्हाळ्यात पुन्हा वर येते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस मी काय म्हणतो ते कळेल. गुडघाभर पाण्यातील पुढचे पाऊल कशावर पडेल, ते सांगता येत नाही. पट्टीचे पोहणारे तरुण या पाण्यात बुडाल्याच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो.

याखेरीज एक तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे गावाचा पाहुणचार. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील लोक डोंगरभटक्यांस आपल्या घरी पिठलेभाकरी देतात, ओसरीवर अथवा अंगणात निजू देतात. हरिश्चंद्रगडाखालील पाचनईसही तशीच सोय होते. अशा ठिकाणी थाटमाट नसतो. परंतु कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी येते, कोणत्या कड्याजवळ पाय घसरतो, कोणत्या महिन्यात काजव्यांनी झाडे उजळतात, हे सांगणारे लोक आपल्यापासून दहा पावलांवर झोपलेले असतात. प्रौढ व धडधाकट मंडळींस मी हा प्रकार सर्वांत श्रेष्ठ मानतो. पैसाही ज्याच्या गावात आपण राहिलो, त्याच्याच घरात राहतो.

रात्रीच्या धोक्यांविषयी थोडे सांगतो. थंडी वाजली म्हणून तंबूत कोळशाची शेगडी अथवा गॅसची शेगडी कधीही घेऊ नये. बंदिस्त जागेत इंधन अपुरे जळले, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेला मनुष्य जागाच होत नाही. दुसरा धोका मण्यारीचा. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसांच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा कळतही नाही. म्हणून तंबूची साखळी बंद असावी, जोडे सकाळी झटकून घालावेत, रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये, आणि सर्पदंशावरील लस असलेले जवळचे इस्पितळ कोणते ते दिवसाउजेडीच विचारून ठेवावे. उष्टे अन्न तंबूबाहेर टाकू नये. त्यावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागून बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागांतील लोकांस हे सांगावयास नको.

आता जी गोष्ट मला विशेष कळकळीने सांगावयाची आहे, तिच्याकडे येतो. पवनेचे धरण १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. त्यात सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी साठते. ते नदीपात्राने खाली येते, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडीस शुद्ध होते आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोचते. वाकड १९९७ साली महानगरपालिकेत आले. तेव्हापासून आमच्याही नळाला ते येऊ लागले. म्हणजे शनिवारी रात्री पवनेच्या काठी आपण ज्या ठिकाणी ताटे विसळतो, प्रातर्विधी उरकतो, रिकाम्या बाटल्या फेकतो, त्याच पाण्याचा पेला सोमवारी सकाळी आपल्या मुलाच्या हाती देतो. शुद्धीकरण होते, हे कबूल. पण जाणूनबुजून घाण करावी व मग ती गाळणाऱ्यावर विसंबावे, हा कोणता न्याय? शौचकूप नसेल तेथे पाण्यापासून निदान दोनशे फुटांवर, वीतभर खोल खड्डा करावा व तो मातीने बुजवावा. साबण पाण्यात सोडू नये. आणलेला कचरा परत घरी आणावा.

आणि हेही विसरू नये, की ज्या शेतांवर हे पाणी उभे आहे ती कोणाची तरी होती. त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पवनेचे पाणी बंद नळाने शहरास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळात जे आंदोलन झाले, त्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार होऊन तीन शेतकरी प्राणास मुकले. आज त्याच काठावर कोणी मावळी तरुण आपल्या उरलेल्या गुंठ्यांवर चार तंबू उभारून पोट भरत असेल, तर त्याच्याकडे आपण पाहुणे म्हणून जावे, धनी म्हणून नव्हे. मध्यरात्रीपर्यंत कर्णे लावून गोंगाट करणे, गावच्या बायाबापड्यांच्या वाटेवर बाटल्या फोडणे, हे पाहुण्याचे लक्षण खचित नाही.

थोडक्यात, ऋतू पाहून जागा निवडावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पवना, पानशेत अथवा भंडारदऱ्याचा काठ. मेच्या अखेरीस काजवे पाहावयाचे तर राजमाची. भर पावसात पक्के छप्पर. मुलेबाळे व वृद्ध बरोबर असतील तर महामंडळाची वा नोंदलेली जागा. जाणती मंडळी असतील तर गावकऱ्याचे अंगण. दिवस मावळण्यापूर्वी दोन तास पोचावे, म्हणजे जागा फिरून पाहता येते आणि न आवडल्यास परतताही येते. पैसे आधी भरले आहेत, म्हणून वाईट जागेवर रात्र काढणे हा हिशेब अत्यंत महाग पडतो. घरी कोणास तरी ठिकाणाचे नाव व परतण्याची वेळ सांगून निघावे. संकटसमयी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात असावेत; परंतु डोंगराआड दूरध्वनी चालतोच असे नाही, म्हणून शेजारी माणूस असणे अधिक मोलाचे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वडील सांगत आले. तंबूत निजणाऱ्याने त्याआधी अंथरूण कोठे पसरतो आहोत तेही पाहावे. येत्या शनिवारी आपणांपैकी जे कोणी निघणार असतील, त्यांनी जागेच्या धन्यास दूरध्वनी करून तो पाण्याविषयीचा प्रश्न अवश्य विचारावा, आणि काय उत्तर मिळते ते नीट ऐकावे. आपला प्रवास सुखाचा होवो.